चिलापी भरपूर, पण इतर मासे?

प्रश्न : मी रोज सकाळी पवई तलावाच्या काठाने फिरतो. गळ टाकून बसलेल्यांच्या पिशवीत चिलापी भरपूर दिसते, दुसरा मासा क्वचितच. एवढे मासे आहेत म्हणजे तलाव निरोगी आहे, असे शेजारी म्हणतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, पवई

उत्तर : हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. मासे किती आहेत हा एक प्रश्न. ते किती जातींचे आहेत आणि प्रत्येक जातीचा वाटा किती, हा वेगळा. समजा, दोन तलावांतून प्रत्येकी १०० मासे धरले आणि दोन्हीकडे दहाच जाती मिळाल्या. पण एकीकडे प्रत्येक जातीचे १० मासे निघाले, तर दुसरीकडे ९१ चिलापी आणि बाकी नऊ जातींचा एकेकच मासा. विविधता मोजण्यासाठी वापरला जाणारा शॅनन निर्देशांक पहिल्या तलावाचा सुमारे २.३० भरतो, दुसऱ्याचा जेमतेम ०.५०.

चिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली. तिची मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्ले बाहेर पडल्यावरही धोका दिसताच त्यांना पुन्हा तोंडात घेते, आणि उबदार पाण्यात वर्षातून अनेकदा विते. रोहू, कटला आणि मृगळ यांना मात्र विणीसाठी पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. साठलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. म्हणून तलावात मोठा कटला मिळाला, तर तो बहुधा कधीतरी सोडलेल्या बोटुकलीचा, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाचा, वाढलेला मासा असतो. मरळ तर पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेते, त्यामुळे ती जगली म्हणून पाण्यात पुरेसा प्राणवायू आहे, असेही म्हणता येत नाही.

शिवाय गळाची पिशवी हा तलावाचा नमुना नव्हे. कणकेच्या गोळीला चिलापी चटकन लागते, जिवंत भक्ष्य शोधणारी मरळ तिच्याकडे फारशी वळत नाही, आणि बोटाएवढे मासे गळाला लागतच नाहीत. खरे चित्र हवे असेल तर लहानमोठ्या आसांची (छिद्रांची) जाळी, काठाजवळ आणि खोल पाण्यातही, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, दर वेळी सारखाच वेळ लावावी लागतात. तोपर्यंत आपण एक करू शकता : पिशवीत चिलापीखेरीज कोणता मासा दिसला, तर त्याची तारखेसह नोंद ठेवा.