पार्सलची लांबी-रुंदी-उंची मोजणारं हातात नेण्याजोगं यंत्र घरी बनवता येईल का? कोणता सेन्सर घ्यावा?

नक्की येईल. एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर स्वस्त आहे, पण त्याचा झोत पसरट असतो, त्यामुळे खोक्याची कड चुकते. त्यापेक्षा लेझरने अंतर मोजणारे व्हीएल५३एल०एक्स प्रकारचे तीन सेन्सर घ्या, प्रत्येक मापासाठी एक. घडी घालता येणारी कोपऱ्याची चौकट करा, खोकं कोपऱ्यात टेकवा आणि समोरच्या टोकांवरून सेन्सर रोखा. चौकटीच्या मापातून अंतर वजा केलं की माप मिळतं. तिन्हींचा आयटूसी पत्ता (ज्या दोन तारांवरून सेन्सर नियंत्रक चिपशी बोलतो, त्यावरची त्याची ओळख) मुळात एकच असतो! म्हणून यंत्र सुरू करताना एक्सशट पिनने (सेन्सर बंद-चालू करणारी पिन) एकेक सेन्सर चालू करून त्याचा पत्ता बदला. काळ्या प्लॅस्टिकवर वाचन डळमळतं, म्हणून अनेक वाचनांचा मध्यक घ्या. सेंटिमीटरमधल्या मापांचा गुणाकार भागिले ५००० केलं की बऱ्याच कुरिअरचं आकारमानी वजन (आकारावरून धरलेलं वजन) किलोत निघतं.