दंडातील गर्भनिरोधक कांडी हाताला लागत नसेल, तर ती फुप्फुसापर्यंत गेलेली असू शकते का?

दोन वर्षांपूर्वी दंडात बसवलेली नेक्सप्लॅनॉनची कांडी आता बोटांना लागत नाही, म्हणून आपण हा प्रश्न विचारला आहे. मी इंग्लंडमधील एका कुटुंबनियोजन केंद्रात परिचारिका आहे आणि ही भीती मी अनेक स्त्रियांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. असे घडू शकते, परंतु फार क्वचित. कांडी न लागण्याचे नेहमीचे कारण ती मुळातच खोल बसवली जाणे हे असते, आणि सरकली तरी ती बहुधा २ सेंटिमीटरच्या आतच सरकते.

फुप्फुसापर्यंतचा प्रवास होतो तो रक्तवाहिनीतून. कांडी ४ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम २ मिलिमीटर जाड असते. बसवताना सुई खोल जाऊन कांडी दंडाच्या आतील बाजूच्या बॅसिलिक शिरेत शिरली, तर रक्ताबरोबर काखेतून हृदयाच्या उजव्या भागात आणि तेथून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. काहींना छातीत दुखते किंवा धाप लागते, काहींना काहीच जाणवत नाही. कालांतराने धमनीचे अस्तर तिच्यावर वाढते; मग शिरेतून नळी घालून ती ओढून काढणे अवघड होते आणि छातीची शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणूनच थांबून पाहू नये, असे मी आग्रहाने सांगते. याच धोक्यामुळे बसवण्याची जागा दंडाच्या दोन स्नायूंमधील खाचेपासून दूर, मागच्या स्नायूवर नेण्यात आली. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये तशी सूचना दिली.

नेक्सप्लॅनॉनमध्ये बेरियम असल्याने ती एक्स-रेमध्ये दिसते (इम्प्लॅनॉन या जुन्या कांडीत ही सोय नव्हती). आधी दंडाचा एक्स-रे आणि सोनोग्राफी, तेथे न आढळल्यास छातीची तपासणी, आणि तरीही न सापडल्यास रक्तातील एटोनोजेस्ट्रेलची (कांडीतून स्रवणाऱ्या संप्रेरकाची) चाचणी, असा क्रम असतो. नेमकी जागा कळेपर्यंत केवळ शोधण्यासाठी दंडाला छेद देऊ देऊ नका. ती शरीरात आहे याची खात्री होईपर्यंत निरोध वापरा. छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर त्याच क्षणी आपत्कालीन विभागात जा आणि दंडातील कांडी लागत नसल्याचे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.