दिवाळीला चारशे जोड कोल्हापुरी: आधी ऑर्डर, स्टॉल नंतर

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागाला यंदा दिवाळीची भेट इथल्याच चर्मकार समाजाच्या मालकीच्या घटकांकडून, म्हणजे लहान उद्योगांकडून, घ्यायची आहे. कामगार आणि डीलर मिळून कोल्हापुरी चपलांचे चारशे जोड, शिवाय कारखान्यात एक दिवसाचं प्रदर्शन. सुरुवात कुठून करायची, आणि हे सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीने कायद्याने समाजासाठी करायच्या खर्चात, बसतं का?

सीएसआरचं आधी उरकतो. नाही बसत. स्वतःच्या कर्मचाऱ्यांना वाटायला माल घेतला तर तो कंपनीचा नेहमीचा खर्च. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला-हस्तकलांचा विकास आहे, पण तो पैसा कातड्यासाठी सामायिक शेड, हत्यारं, प्रशिक्षण अशा कामांना जातो, आणि संस्थेमार्फत द्यायचा तर ती सीएसआर-१ नोंदणी असलेली लागते. खरेदीचं बजेट आणि सीएसआरचं बजेट एका फाइलमध्ये घातलंत की दोन्ही अडकतात.

आता घटक शोधणं. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत पहिल्या दुकानात शिरून चारशे जोडांचा भाव विचारलात तर माल मिळेल, पण त्यातले किती पैसे बनवणाऱ्याच्या हातात पडतात हे कळणार नाही. बरेच कारागीर व्यापाऱ्याकडून उधारीवर कातडं घेतात आणि माल त्यालाच देतात. सुभाषनगरात, किंवा कागल तालुक्यात कापशीकडे, प्रत्यक्ष काम चालतं तिथे जा. उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद, मागा. त्यावर उत्पादन की व्यापार, आणि मालकाचा सामाजिक प्रवर्ग, दोन्ही असतं. सरकारी खरेदीच्या नियमात एकल मालकी असेल तर मालक स्वतः आणि भागीदारी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींचा लागतो. केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यावर अशा घटकांकडून ४ टक्के खरेदीचं बंधन आहे. खासगी कारखान्यावर नाही, पण व्याख्या हीच वापरा, म्हणजे नावापुरता मालक पुढे करून मागे दुसराच, हा प्रकार टळतो. ऑस्ट्रेलियात आदिवासी मालकीचे व्यवसाय नोंदवणाऱ्या ‘सप्लाय नेशन’लाही प्रमाणित यादीसाठी ५१ टक्क्यांचीच अट ठेवावी लागली, तीही मालकी, व्यवस्थापन आणि नियंत्रण तिन्ही बघून. पत्ते हवे असतील तर चर्मोद्योग महामंडळ (लिडकॉम), राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाचं (एनएसआयसी) राष्ट्रीय एससी-एसटी हब आणि दलित उद्योजकांची संघटना डिक्की या तिघांना विचारा. ‘जीआय’, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे एवढ्यावर मात्र जाऊ नका. कोल्हापुरीला जीआय २०१९ साली मिळालं, पण ते वापरायला प्रत्येक उत्पादकाची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद लागते.

खरं गणित वेळेचं आहे. तळाचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, आणि ते उन्हात वाळावं लागतं. दिवाळीचा माल तयार व्हायचे महिने म्हणजे नेमका पावसाळा. आपल्याकडचा जुलै ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. ऑगस्टअखेर ऑर्डर दिलीत तर एक तर अर्धवट वाळलेला तळ मिळेल, जो पुढे वाकडा होतो आणि बुरशी धरतो, नाहीतर वेळ गाठायला बाहेरून तयार तळ येतील. म्हणून मे महिन्यात नमुना पक्का करा आणि कातड्यापुरती आगाऊ रक्कम द्या. एका घराची ताकद दिवसाला पाच जोडांची धरली तर चारशेला ऐंशी दिवस, चार घरांत वाटली तर वीस. मात्र चार घरांनी चार ठिकाणचं कातडं आणलं तर चार रंग येणार. कातडं एकदम, एकाच खेपेचं घ्यायला लावा. आगाऊ रकमेचा खरा उपयोग तोच.

मापाचं प्रकरण सगळ्यात जास्त बिघडतं. गुगल फॉर्मवर बुटाचा नंबर मागवू नका. सेफ्टी शूज मोज्यांवर घालतात, त्यामुळे लोक एक नंबर मोठा सांगतात. कोल्हापुरी उलट सुरुवातीला घट्टच हवी, कारण कातडं वापरून सैल पडतं. त्यात चपलेचा अंगठ्यात अडकणारा भाग आणि पायावरचा पट्टा कुणाला बसेल ते लांबीच्या नंबरावरून कळत नाही. पुरुषांचे ६ ते ११, बायकांचे ३ ते ८, असा एकेक जोड मापासाठी विकत घ्या आणि कँटीनमध्ये दोन दिवस, प्रत्येक शिफ्टला ठेवा. नावापुढे नंबर आणि ‘पट्टा सैल’ किंवा ‘पट्टा घट्ट’ एवढंच लिहायचं. वर ७, ८, ९ नंबरचे वीसेक जोड बदलीसाठी जादा घ्या. डीलरांची मापं मिळत नाहीत, त्यांना कारागिराच्या नावाचं कूपन द्या, पैसे तुम्ही आधीच भरलेले.

नमुन्याचे दोन जोड सही करून ठेवा, एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. तळ म्हशीच्या कातड्याचा, किती थरांचा, वेणी शेळीच्या कातड्याची, शिलाई कातडी वादीची की दोऱ्याची, हे कागदावर हवं. तळाची कापलेली कड बघा: साल-हिरड्याचं कातडं आतपर्यंत तपकिरी असतं, क्रोम रसायनाने कमावलेलं, न रंगवलेलं कातडं आतून निळसर-करडं दिसतं. लोगो पट्ट्यावर नको. टाचेखालच्या जागेवर कातडं ओलसर असताना दाबला की पुरे, आणि त्या ठशाचा खर्च तुमचा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आतल्या ओलीने आठवड्यात पांढरी बुरशी येते. वर्तमानपत्र आणि कापडी पिशवी पुरते.

बिलाशी आलं की अकाउंट्स विभाग जीएसटी नंबर मागणार. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. शिवाय भेट म्हणून वाटलेल्या मालावर तुम्हाला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळतच नाही, मग नंबर नाही म्हणून कारागीर नाकारायला कारण काय उरतं? तीन वर्षांचा ताळेबंद आणि आयएसओ मागणारा व्हेंडर फॉर्मही या खरेदीपुरता बाजूला ठेवा. नोंदणीकृत असेल तर जोडामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के, हे सप्टेंबर २०२५ पासूनचे दर.

पैशाची मुदत करारात लिहा. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या (एमएसएमई) कायद्याने लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तरी जास्तीत जास्त ४५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. लहान घटकांची मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही, हे फायनान्सवाल्यांना व्याजापेक्षा लवकर पटतं. हे संरक्षण उत्पादकाला आहे, उद्यमवर ‘व्यापार’ नोंदलेल्या दुकानाला नाही. प्रत्यक्षात मात्र ४५ दिवसही फार आहेत. वेणी घालणाऱ्या बायकांची मजुरी जोडामागे असते आणि ती आठवड्याला द्यावी लागते. निम्मी आगाऊ, निम्मी माल तपासल्यावर सात दिवसांत, असं ठरवा.

प्रदर्शनाचं शेवटी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल टाकायला शाहू महाराजांनी मदत केली, पण ते चाललं ते महाराज स्वतः तिथे चहा प्यायला थांबू लागले म्हणून. कंपन्यांच्या प्रदर्शनात बहुधा नुसता रिबीन कापायचा भाग होतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्यापासून तर कारागिरासोबतचा फोटो सगळ्यांनाच हवाय. फोटो काढा, पण फलकावर जात छापू नका. नाव, गाव आणि काम एवढं बस.

तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा, वेळ शिफ्ट बदलते ती धरून दोन्ही बाजूंना दोन तास. जागेचं भाडं नको, ‘कंपनीसाठी दहा टक्के सूट’ही नको. बसायला स्टूल आणि आरसा जमिनीलगत हवा, पाय दिसले पाहिजेत. येण्याजाण्याचं वाहन आणि जेवण तुमचं. सोबतच्या कंपन्यांचे खरेदीवाले बोलावणार असाल तर कारागिराकडे दोन भाव लिहिलेले हवेत: एका जोडाचा आणि पन्नासच्या वरचा. नाहीतर तो किरकोळ भाव सांगतो, समोरचा त्यावर घासाघीस करतो, आणि मजुरीच कापली जाते. घाऊक भाव काढताना कातडं, वादी, मजुरी, वाहतूक आणि शंभरात चार-पाच जोड नापास होतील असं धरायला सांगा. ऑर्डरवही टेबलावर असू द्या, आणि त्यात पहिली नोंद तुमच्याच कंपनीची, पुढच्या मे महिन्याची.