वजन कुठल्या पायावर आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच-सहा जण दर रविवारी एकाच्या गच्चीवर जमता, मोबाइलवर पोझचे फोटो लावता, तीस सेकंदांचा टायमर ठेवून क्विक स्केच करता. काही महिने झाले तरी आकृत्या लाकडी दिसतात, निम्म्या वेळा पाय काढायच्या आत घंटी वाजते, आणि दोघांनी यायचं बंद केलंय. शिकवायला कुणी नाही. मग वेळ वाढवावा, की आधी हाडं-स्नायू शिकून घ्यावेत?

वेळ वाढवू नका. हाडं-स्नायू शिकायला कुणाची हरकत नाही, पण तुमचं घोडं तिथे अडलेलं नाही. पाय राहून जातात याचा अर्थ तुम्ही सगळे डोक्यापासून सुरुवात करताय.

यात तुमचा दोष नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी माणूस पहिल्यांदा काढला तो एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात. तिथे वरून खाली यायची सवय लागते. आधी डोकं, मग मान, शर्टाचे खांदे, बाह्या, पॅन्ट, आणि वेळ उरलाच तर चपला. बाजार ओळखू आला, बसथांबा ओळखू आला की परीक्षेपुरतं भागतं. पण त्या चित्रांत कपडेच उभे असतात, आतला माणूस कुठे उभाच नसतो. तीस सेकंदांत तोच क्रम धरला की घंटी कमरेपाशी वाजणार हे ठरलेलं.

जेश्चर, म्हणजे अंगाचा झोक आणि हालचाल पकडणारं झटपट चित्र, काढताना एवढंच बघायचं की समोरचा काय करतोय. टेकलाय, ओढतोय, लवलाय, की बसची वाट बघून कंटाळलाय. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणारे किमॉन निकोलाइडीझ गेल्या शतकाच्या पूर्वार्धात विद्यार्थ्यांकडून हेच घोटून घ्यायचे. आज जगभर हा सराव ज्या रूपात चालतो त्यावर त्यांच्या शिकवण्याचा मोठा ठसा आहे. त्यांच्याही आधी फ्रेंच शिल्पकार रोदँ मॉडेलना स्टुडिओत मोकळं फिरू द्यायचा आणि कागदाकडे न बघता पेन्सिल चालवायचा. तुमच्या गटात एक फेरी तशी करून बघा. चित्रं भयाण येतील, हसून पुरेवाट होईल, पण नजर कागदावरून उठून माणसावर जाईल.

आता प्रत्यक्ष. पहिल्या दहा सेकंदांत गळ्याच्या खळगीतून मनातल्या मनात ओळंबा सोडा. एका पायावर भार टाकून उभ्या असलेल्या माणसात तो त्या पायाच्या घोट्याच्या आसपास पडतो. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर दोन पावलांच्या मध्ये. ओळंबा यातल्या कुठेच पडत नसेल तर माणूस चालतोय, पडतोय किंवा कशाला तरी टेकलाय. टेकला असेल तर ती भिंत, तो खांबही एका रेघेनं दाखवा, नाहीतर कागदावर माणूस कोलमडतो.

मग कंबर आणि खांदा. भाराच्या बाजूची कमरेच्या हाडाची कड वर जाते आणि तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली येतो. त्यामुळे ती कूस दाबली जाते, तिथे घडी पडते, आणि दुसरी कूस ताणली जाते. दाबलेल्या बाजूला तुटक, वळणाची रेघ मारा आणि ताणलेल्या बाजूला काखेपासून मांडीपर्यंत एकच लांब रेघ. तुमच्या आकृत्या लाकडी दिसतात कारण दोन्ही बाजू सारख्या येतात. पायाचंही तेच. पोटरीचा बाहेरचा फुगवटा आतल्यापेक्षा वर असतो, घोट्याचं मात्र उलट, आतला घोटा वर आणि बाहेरचा खाली. समोरासमोर सारखे फुगवटे काढले की पाय खुर्चीचा होतो.

डोकं शेवटी. तिरकं की सरळ एवढं सांगणारा एक छोटा लंबगोल पुरे. डोळे-नाक काढायचा मोह होतो, पण मोह आवरा.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. फोटो बंद करा आणि पाळीपाळीनं स्वतः उभे राहा.

मोबाइलवर माणूस बोटभर दिसतो आणि फोटोतला माणूस कधी दमत नाही. समोरचा जिवंत माणूस दमतो. दमला की त्याची कंबर जरा सरकते, खांदा उतरतो, आणि ते सरकणं बघितल्यावरच भार आधी कुठे होता हे कळतं. शिवाय सगळे त्याच्याभोवती वेगवेगळ्या कोनांत बसता, त्यामुळे एकाच पोझची चार-पाच चित्रं होतात आणि त्यांची तुलना करता येते. फोटोत सगळ्यांचा कोन एकच, मग तुलना होते ती फक्त हाताच्या सफाईची. नवशिक्याचं मन मोडतं ते तिथेच.

पण खरा फायदा उभं राहणाऱ्याचा होतो. डाव्या पायावर भार टाकून दोन मिनिटं हलू नका. कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू तापायला लागतो, उजवा गुडघा आपोआप सैल पडतो, मान कुठल्या तरी एका बाजूला विसावा शोधते. यानंतर तुम्ही कागद घेऊन बसता आणि दुसरा कुणी तशाच पोझमध्ये उभा राहतो, तेव्हा तुमची पहिली रेघ त्या तापलेल्या जागेवर जाते. कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या चित्रं काढणाऱ्या गटात येणाऱ्या नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी उभंच करतो.

काही पथ्यं मात्र पाळा. कपडे रोजचेच, फार ढगळ नकोत. पावलांभोवती खडूनं खूण करून ठेवा म्हणजे विश्रांतीनंतर परत त्याच जागी उभं राहता येतं. हात वर असलेली पोझ मिनिटभराच्या पुढे ओढू नका. गुडघे मागे रेटून ताठ उभं राहिलं की गरगरतं, तेव्हा ते किंचित सैल ठेवायला सांगा. पोझ कुठली घ्यायची हे उभं राहणाऱ्यानं ठरवायचं, इतरांनी फर्माइश करायची नाही. आणि उभ्या असलेल्याचे फोटो काढायचे नाहीत. गटात मुली, बायका असतील तर हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या. ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून गृहीत धरू नका.

पोझ नाटकीही नकोत. नेटवरच्या संग्रहांत तलवारी उपसलेले आणि हवेत उडी मारलेले लोक फार. त्यांचा सराव करून आपल्या गल्लीतला माणूस काढता येत नाही. कळशी कमरेवर घेतलेली बाई, वाकून चपलेचा पट्टा लावणारा, स्कूटरला किक मारणारा, मांडी घालून भाजी निवडणारा, या पोझ घ्या. त्यातही उकिडवं बसणं. टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसलेल्या माणसाचे गुडघे काखेपाशी येतात, पोटरी मांडीखाली चेपून रुंद होते, माकडहाडापासून मानेपर्यंत पाठीची एकच कमान होते, आणि सगळा भार पावलांवर राहतो. त्याच माणसाला टाचा उचलायला सांगा. अंग पुढे झुकतं आणि एक हात जमीन शोधायला लागतो. ही दोन चित्रं शेजारी-शेजारी काढलीत तर तोल म्हणजे काय यावर मला आणखी लिहावं लागणार नाही.

साडीबद्दल कुणी तरी विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो. पाचवारीत पाय झाकलेले असतात म्हणून आपण निऱ्यांच्या उभ्या रेघा मारून मोकळे होतो आणि आत पाय आहेत की नाहीत हेच कळत नाही. कापड जिथे अंगाला टेकतं त्या जागा धरा: कंबर, मांडी, पुढे आलेला गुडघा. मधलं कापड नुसतं लोंबतं, त्याला दोन रेघा पुरतात. नऊवारी उलट सोपी, काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे दिसतात.

गच्चीवर हात बसला की बाहेर पडा. मी कोल्हापूरचा, त्यामुळे आमच्या गटाची खरी शाळा म्हणजे तालीम. वस्तादांना आधी विचारायचं, चपला बाहेर काढायच्या, कोपऱ्यात बसायचं आणि मध्ये मध्ये करायचं नाही. जोर मारणारा पैलवान क्षणभरही थांबत नाही, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा येतो. म्हणून पानाचे दोन भाग करा. डावीकडे तो कंबर वर करून हातापायांवर पेललेला, उजवीकडे छाती पुढे काढून पाठ वाकवलेला. तो खाली गेला की उजवीकडचं चित्र दोन रेघांनी पुढे न्यायचं, परत मागे आला की डावीकडचं. दोन्ही चित्रं एकाच वेळी उघडी ठेवायची. इस्त्रीवाला, वडे तळणारा, उसाचा रस काढणारा, सगळ्यांना हीच युक्ती लागू पडते.

मातीत दोघे एकमेकांना भिडले की मात्र पद्धत बदला. खडाखडी, म्हणजे पकड घेण्याआधीची झटापट, चालू असताना दोघांची कपाळं, खांदे एकमेकांवर रेललेले असतात. एक पैलवान नीट पूर्ण काढून मग दुसरा काढायला गेलात तर दोघंही पडतात, कारण त्यांचा ओळंबा वेगवेगळा नसतोच. दोघांच्या चार पावलांच्या मध्ये कुठे तरी तो एकच पडतो. आधी तो मोठा त्रिकोण मांडा, दोघांच्या पाठींच्या दोन रेघा एकमेकींवर टेकवा आणि मग कुणाचा हात कुणाच्या मानेवर आहे ते बघा.

एसटी स्टँड, मंडई इथे बसताना एक लक्षात ठेवा. समोरच्यानं पाहिलं तर वही लपवू नका, सरळ दाखवा. बहुतेक लोक हसतात, एखादा ‘माझं नाक एवढं मोठं आहे का’ म्हणतो. कुणाला आवडलं नाही तर पान उलटा, वाद घालू नका.

शिकवणारा नसल्याची चिंता तुम्ही केलीत. पॅरिसमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या ग्रांद शोमिएर या कलाशाळेत मास्तरांशिवायचे क्रोकीचे, म्हणजे क्विक स्केचचे, वर्ग चालतात. पैसे भरायचे, मॉडेलसमोर बसायचं, काढायचं. १९२९ मध्ये पॅरिसला गेलेल्या चित्रकार अमृता शेर-गिल सुरुवातीला याच संस्थेत शिकल्या. तेव्हा मास्तर असले तर उत्तम, पण नाहीत म्हणून काम अडत नाही. अडतं ते एकमेकांना काय सांगायचं हे माहीत नसल्यामुळे. ‘छान’, ‘मस्त फ्लो आहे’, ‘हात लहान झालाय’ यांतून कुणाला काही मिळत नाही.

आम्ही करतो ते करून बघा. सत्र संपलं की सगळी पानं जमिनीवर पसरायची. एकानं दुसऱ्याचं एखादं पान उचलायचं आणि चित्रात आहे अगदी तसंच उभं राहायचं. काढणाऱ्यानं गप्प बसायचं. चित्रात भार जागेवर असेल तर तो माणूस सहज उभा राहतो. नसेल तर झोक जातो, एक पाय आपोआप सरकतो, आणि जिथे तो सरकला तिथे चित्र चुकलंय हे सगळ्यांना एकदम दिसतं. कुणी कुणाला नावं ठेवलेली नसतात. एकदा आमच्यातल्या सगळ्यांत सफाईदार हाताच्या सदस्याचं देखणं चित्र घेऊन एक दहावीतली मुलगी उभी राहायला गेली आणि तीनदा तोल गेला. शेजारचं ओबडधोबड, काळवंडलेलं चित्र मात्र पहिल्या झटक्यात उभं राहिलं. त्या दिवसापासून आमच्याकडे सफाईचं कौतुक जरा कमी झालं, आणि बरंच झालं.

सत्राचा क्रम साधारण असा ठेवा. तीस सेकंदांच्या दहा पोझ, एक मिनिटाच्या दहा, दोन मिनिटांच्या पाच, पाच मिनिटांच्या दोन, आणि जाता जाता परत एक मिनिटाच्या पाच. बदलाबदलीसकट तासाभरात उरकतं. शेवटचा एक-एक मिनिटाच्या पोझचा हप्ता गाळू नका. पाच मिनिटांच्या पोझनंतर हात रेंगाळायला लागतो, तो तिथे परत सुटतो. पाच मिनिटं मिळाली तरी पहिलं मिनिट तीस सेकंदांच्या पोझसारखंच काढा. उरलेल्या वेळात बरगड्यांचा पिंजरा कुठे वळलाय आणि कंबर कुठे, ते बघा. हाडांचा अभ्यास इथे उपयोगी पडायला लागतो. ‘खांदा वर गेला की फऱ्याचं हाड कुठे सरकतं’ असा प्रश्न स्वतःच्या चित्रातून पडला की त्या दिवशी तेवढंच वाचायचं.

साहित्यावर पैसे घालवू नका. ए-थ्री न्यूजप्रिंट, चारकोलची काडी नाहीतर ६बी पेन्सिल, पाठीमागे हार्डबोर्ड आणि क्लिप. बोर्ड उभा धरा आणि हात खांद्यापासून हलवा. लहान वहीत मनगटातून काढलेली रेघ आखडते. बाहेर फिरताना बॉलपेन चालेल. खोडरबर घरी राहू द्या.

राहता राहिले ते न येणारे दोघे. त्यांना ‘चित्र काढायला या’ म्हणून फोन करू नका. ‘पोझ द्यायला माणूस कमी पडतोय, तासभर ये’ म्हणा. आमच्याकडे गळालेले तिघं याच वाटेनं परतले, त्यातला एक अजूनही काढण्यापेक्षा उभं राहायलाच जास्त येतो, आणि त्याच्या पोझ सगळ्यांत चांगल्या असतात. पुढच्या वेळी पानं दाखवाल तेव्हा निवडक नकोत, सगळी क्रमानं टाका, पहिल्या तीस सेकंदांच्या गिचमिडीसकट. प्रत्येक पानाखाली तुम्ही मॉडेलच्या कुठल्या बाजूला बसला होता तेही लिहा, म्हणजे नेमकं बोलता येईल.