सममूल्य अपूर्णांकांनी शेकडेवारी सोडवताना चूक कुठे होते ते कसं शोधायचं?

मुलीची पद्धत बरोबर दिसते तरी उत्तर चुकतं, चूक कुठे आहे ते सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मुलाचं सहावीत अगदी हेच चाललं होतं म्हणून लिहितेय.

गणित होतं, ३० पैकी १२ म्हणजे किती टक्के, तेही सममूल्य अपूर्णांकाने, म्हणजे तेवढ्याच किमतीचा पण खाली (छेदात) १०० असलेला अपूर्णांक काढून. त्याने लिहिलं १२/३० = ८२/१००. माझे दीर शेजारीच बसलेले, त्यांनी फुली मारली आणि म्हणाले खोड ते सगळं, वरचा भागिले खालचा गुणिले शंभर, विषय संपला. त्याने खोडलं, ४० आणलं. दुसऱ्या दिवशी शाळेत सममूल्य अपूर्णांकानेच करा म्हटल्यावर २५ पैकी ९ चे परत ८४ टक्के!

मग मी फक्त विचारलं, २५ चे १०० कसे केलेस रे? म्हणाला, ७५ मिळवले, म्हणून वरही ७५ मिळवले, बाईच म्हणाल्या खाली जे कराल तेच वर करा. पोराने नियम अगदी इमानदारीत पाळला होता, फक्त 'जे कराल' म्हणजे गुणाकार नाहीतर भागाकारच, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी १/२ लिहिलं, म्हटलं वर-खाली एकेक मिळव. २/३ आलं. अर्ध्याचे दोन तृतीयांश कसे झाले म्हणून तो बघतच बसला, मग स्वतःच खालचे चार पट तर वरचेही चार पट करून ३६ टक्के काढले.

दुसरी चूक मांडणीतली. १८ हे कशाचे ४५ टक्के, यात मुलं १८ छेदात टाकतात आणि ८.१ आणतात. अहो १८ हा भाग आहे, पूर्ण त्याहून लहान कसा असेल? ४५/१०० = ९/२० = १८/४०, उत्तर ४०. म्हणून आधी अंदाज घ्यायला लावा, ३० चे अर्धे १५, मग १२ म्हणजे पन्नास टक्क्यांच्या आतच, ८२ येऊच शकत नाही. अर्थात अंदाजाने बारीक चुका सापडत नाहीत, आणि टक्के शंभरच्या वर असतील तर भागच पूर्णापेक्षा मोठा असतो, तेवढं लक्षात ठेवा.

पण चुकलेलं खोडू देऊ नका, प्लीज. खोडलं की चूक कुठे झाली ते कळायचा मार्गच बंद. दीर अजून म्हणतात सूत्र पाठ असतं तर हे झालंच नसतं. सूत्र चुकीचं नाहीच, पण आदल्या दिवशी त्यांनीच पाठ करून घेतलं होतं की, तरी ८४ आलेच.