गुलमर्गची सहल आणि पॉलिसीतले ‘फुकटचे’ दोन लाख

चोपड्याहून एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे वय ३८ असून ठिबक सिंचनाच्या साहित्याचे त्यांचे दुकान आहे. पत्नी घर सांभाळून दुकानाचे हिशेब पाहतात. मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची आहे. नाताळच्या सुटीत मुलांना गुलमर्गला नेऊन स्कीइंग शिकवावे, अशी त्यांची इच्छा आहे. एका ट्रॅव्हल कंपनीने पाच रात्रींसाठी चौघांचे मिळून ३ लाख २० हजार रुपये सांगितले आहेत. याच डिसेंबरात मुलांच्या नावाच्या दोन मनी-बॅक (ठरावीक वर्षांनी काही रक्कम परत देणाऱ्या) पॉलिसींचे मिळून २ लाख रुपये हाती येणार आहेत आणि उरलेले १ लाख २० हजार क्रेडिट कार्डावर ‘नो कॉस्ट ईएमआय’ने भरायचे आहेत. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की, हे हप्ते नऊ महिन्यांचे घ्यावेत की बारा महिन्यांचे?

महोदय, या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते: नऊही नकोत आणि बाराही नकोत, या डिसेंबरात जाऊच नका. मुलांना बर्फावर नेण्याला माझा विरोध नाही, त्याचा हिशेब पुढे देतो; परंतु पत्रासोबत आपण पॉलिसींच्या पहिल्या पानांची जी छायाचित्रे पाठवली आहेत, ती पाहिल्यावर सहलीबद्दल आधी लिहिणे मला योग्य वाटले नाही.

आपण लिहिता, ‘मला काही झाले तरी मुलांचे शिक्षण अडणार नाही, अशी सोय पाच वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे.’ ही सोय त्या कागदांवर कोठेही नाही. दोन्ही पॉलिसींत ज्याचा विमा उतरवला आहे, त्या रकान्यात मुलाचे आणि मुलीचे नाव आहे. आपले नाव फक्त प्रस्तावक म्हणून, म्हणजे हप्ता भरणारा म्हणून आहे. पालकाच्या मृत्यूनंतर पुढचे हप्ते माफ व्हावेत यासाठी वेगळा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेले जादा संरक्षण, घ्यावा लागतो, आणि तो रकाना दोन्ही पानांवर रिकामा आहे. याचा अर्थ असा की, उद्या आपण नसलात तर कंपनी आपल्या कुटुंबाला एक रुपयाही देणार नाही, उलट वर्षाच्या ७६ हजारांच्या हप्त्यांची आठवण मात्र आपल्या पत्नीला नियमित पाठवत राहील. जे कमावत नाहीत त्यांचा विमा आहे आणि जो कमावतो त्याचा नाही. आपल्या नावावर बँकेतून वर्षाला ४३६ रुपये कापली जाणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना तेवढी आहे, तिचे संरक्षण २ लाखांचे. घरातल्या कर्त्या माणसाचा विमा ४३६ रुपयांचा आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचा ७६ हजारांचा, ही वाटणी ज्यांनी आपल्याला विकली त्यांना ती उलटी आहे हे ठाऊक नव्हते, असे मी मानत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. आपल्या दुकानाला बँकेची १५ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा (लागेल तेवढे उचलून वापरायचे व्यापारी कर्ज) आहे, त्यातले ११ लाख वापरात आहेत आणि तारण राहते घर आहे. सुमारे ९ लाखांची उधारी गावोगाव पसरली आहे. ठिबकचे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात पडेपर्यंत दुकानदाराने थांबायचे, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. आपण असताना ही उधारी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बऱ्यापैकी वसूल होते, कारण शेतकरी आपल्याला ओळखतो आणि पुढच्या हंगामात त्याला पुन्हा आपल्याच दारात यायचे असते. आपल्यामागे पत्नीला त्यातली निम्मी वसूल झाली तरी पुष्कळ म्हणावे लागेल. बँक मात्र आपले ११ लाख पूर्ण मागेल आणि घराच्या कागदांवर बोट ठेवून मागेल.

त्या ‘फुकटच्या’ दोन लाखांचेही गणित करू. प्रत्येक पॉलिसीचा हप्ता ३८ हजार, पाच वर्षांत भरले १ लाख ९० हजार. दोन्ही मिळून ३ लाख ८० हजार. त्यातले दोन लाख कंपनी आता परत करणार आहे आणि त्याच महिन्यात सहाव्या हप्त्याचे ७६ हजार मागणार आहे. म्हणजे या डिसेंबरात आपल्या हाती खऱ्या अर्थाने येणार आहेत ते १ लाख २४ हजार, तेही आपलेच. एका पॉलिसीच्या पूर्ण मुदतीचा हिशेब मांडला, म्हणजे पंधरा वर्षे हप्ते, पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या वर्षी एकेक लाख, आणि विसाव्या वर्षी उरलेले दोन लाख अधिक कागदावर दाखवलेला साधारण ४ लाखांचा बोनस, तरी परतावा वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास पडतो. बोनसची हमी नाही, तो कमी झाला तर ५ टक्केही नाहीत. आणि हे पैसे भरणारा माणूस कॅश क्रेडिटवर बँकेला ११ टक्के व्याज देतो आहे.

पत्राच्या शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे की, हे एजंट आपले साडू आहेत आणि या दोन लाखांतूनच ५० हजार हप्त्याची आणखी एक पॉलिसी घ्यावी, म्हणजे ‘दर पाच वर्षांनी एक सहल पॉलिसीतूनच निघेल’, असे त्यांचे म्हणणे आहे. पाच वर्षांत अडीच लाख भरायचे, त्यातले लाखभर परत घ्यायचे आणि त्याला सहल निघाली म्हणायचे. याला आर्थिक नियोजन म्हणत नाहीत. साडूंशी भांडण करू नका, सणावाराला एका पंगतीत बसायचे आहे. ‘पैसे दुकानात गुंतले आहेत’ एवढे एक वाक्य पुरेल, आणि ते खरेही आहे.

पहिले काम या आठवड्यातले आहे: स्वतःच्या नावावर दीड कोटी रुपयांचा, वयाच्या साठीपर्यंतचा शुद्ध टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा, घ्या. दीड कोटी हा आकडा मोठा वाटेल, म्हणून तो कोठून आला ते सांगतो. घरखर्च महिना ४५ हजार, म्हणजे वर्षाला साडेपाच लाखांच्या घरात, आणि तो महागाईबरोबर वाढणार. बँकेचे कर्ज फेडायला १५ लाखांपर्यंत. दोन मुलांच्या उच्च शिक्षणाला ३० ते ४० लाख. हे वजा केल्यावर साधारण एक कोटी उरतात, त्यावर ७ टक्के धरले तर ७ लाख मिळतात. चैन करण्याएवढी ही रक्कम नाही, घर चालवण्याएवढी आहे. निर्व्यसनी आणि निरोगी माणसाला आपल्या वयात वर्षाला २५ ते ३० हजारांच्या दरम्यान हप्ता यावा. वैयक्तिक जीवन विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, त्यामुळे पूर्वी वर लागणारे १८ टक्केही आता नाहीत. ‘मुदत संपल्यावर हप्ते परत’ असा प्रकार कोणी सुचवला तर नकार द्या. आपण ९ लाखांचे उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरता, त्यामुळे एवढे संरक्षण मिळण्यास अडचण येऊ नये. साखर, रक्तदाब, तंबाखू जे असेल ते प्रस्तावात खरे लिहा.

ही पॉलिसी घेतानाच ती विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेण्याचा अर्ज जोडा. या कायद्याच्या कलम ६ नुसार पतीने पत्नी व मुलांच्या लाभासाठी काढलेल्या पॉलिसीची रक्कम त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी ठरते आणि पतीकडून ज्यांचे येणे आहे त्यांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. नोकरदाराला याची गरज कमी असते. कॅश क्रेडिट चालवणाऱ्या आणि पुरवठादारांचे देणे असणाऱ्या व्यापाऱ्याला ती नक्कीच आहे. हा अर्ज पॉलिसी काढतानाच करावा लागतो, नंतर जोडता येत नाही, आणि एजंट सहसा स्वतःहून त्याचे नाव काढत नाहीत. मात्र पत्नीने कॅश क्रेडिटला जामीन म्हणून सही केली असेल, तर तिची स्वतःची जबाबदारी या कायद्याने सुटत नाही. ते कागद एकदा पाहून घ्या.

दुसरे काम मुलीचे. तिला आठ पूर्ण झाली आहेत. सुकन्या समृद्धी खाते मुलगी दहा वर्षांची होईपर्यंतच उघडता येते आणि आपण ते उघडलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये या खात्याचा व्याजदर ८.२ टक्के झाला. तो दर तिमाहीला जाहीर होतो, व्याज करमुक्त असते, आणि अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मुलीच्या पॉलिसीचा सहावा हप्ता भरू नका. कंपनीकडून ‘पेड-अप’ केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर तशीच ठेवल्यास, मुदतीअखेर किती मिळेल याचा आकडा लेखी मागवा आणि ते ३८ हजार दरवर्षी पोस्टात सुकन्या खात्यात भरा. पेड-अप झाल्यावर मधले परतावे बहुधा थांबतात, हे त्या पत्रात नीट वाचा.

मुलाच्या पॉलिसीबद्दल मी तेवढा आग्रही नाही. पाच वर्षांचा तोटा होऊन गेला आहे. येथून पुढच्या हप्त्यांवरचा परतावा मोजला तर तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास निघतो, म्हणजे पीपीएफच्या ७.१ टक्क्यांपेक्षा थोडाच कमी. टर्मचा हप्ता भरून ती सुखाने चालत असेल तर चालू द्या, ओढाताण होत असेल तर तीही पेड-अप करा. आलेल्या दोन लाखांतून टर्मचा हप्ता जाऊ द्या. उरलेल्यापैकी निम्मे कॅश क्रेडिटमध्ये भरा आणि निम्मे साध्या मुदत ठेवीत वेगळे ठेवा. सगळेच कॅश क्रेडिटमध्ये नको, कारण वसुली अडते त्याच काळात बँकही मर्यादेवर बोट ठेवते, आणि बचत खात्यातील ४० हजारांवर चौघांचे घर एक महिनादेखील निघत नाही.

आता गुलमर्ग. ट्रॅव्हल कंपनीच्या पत्रकात ‘मुलांसाठी स्की प्रशिक्षण समाविष्ट’ असे ठळक आणि ‘दोन दिवस, एक तास’ असे बारीक छापले आहे. दोन तासांत मूल बूट चढवते, चार वेळा पडते आणि त्याचे छायाचित्र निघते. शिकायचे असेल तर सलग पाच दिवस, रोज तीन-चार तास, आणि दोघांना मिळून एकच प्रशिक्षक, एवढे हवे. आपल्या मुलांची वये याला उत्तम आहेत. पहिले दोन-तीन दिवस खालच्या सपाट उतारावरच जातात; स्कीची टोके जवळ आणि मागच्या बाजू लांब ठेवून वेग कसा कमी करायचा, हे आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून अफरवट शिखरापर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३,९५० मीटर उंचीवरच्या गंडोलाची (केबल कारची) तिकिटे पॅकेजमध्ये आहेत याला शिकाऊ मुलांच्या दृष्टीने काही महत्त्व नाही. एक दिवस हौस म्हणून जा.

नाताळात भाडी सर्वांत चढी आणि बर्फ सर्वांत बेभरवशाचा असतो. काश्मिरी लोकांचा चिल्लई कलान हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ २१ डिसेंबरला सुरू होतो. बर्फाचा चांगला थर साचायला त्यानंतरचे आठवडे लागतात. त्यातही हमी नाही. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ गुलमर्गचे उतार बर्फाविना उघडे होते, आणि २०२५ मध्ये फेब्रुवारीतील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावी लागली. त्यामुळे फेब्रुवारीचा उत्तरार्ध धरा आणि हॉटेलचे आरक्षण रद्द करता येईल असेच घ्या, मग ते हजार रुपये महाग का असेना. तो महिना आपल्या दुकानाचाही मंदीचा आहे. बागायती कापसाच्या ठिबकची गर्दी एप्रिलनंतर सुरू होते. मुलांची आठवड्याची शाळा बुडेल, वार्षिक परीक्षेला वेळ असतो.

सात रात्रींचा माझा अंदाज असा: मुंबई ते श्रीनगर विमान आणि चोपडा ते मुंबई मिळून ६० हजार, हॉटेल ५६ हजार, प्रशिक्षक १५ हजार, मुलांच्या स्की आणि बुटांचे भाडे १० हजार, कपडे १५ हजार, टॅक्सी २० हजार, जेवणखाण १४ हजार, आणि बर्फामुळे उड्डाण रद्द होऊन एक-दोन दिवस अडकल्यास २० हजार. एकूण २ लाख १० हजार. टंगमर्ग ते गुलमर्ग या शेवटच्या तेरा किलोमीटरला बर्फ असेल तेव्हा चाकांना साखळ्या लावलेली गाडी वेगळी करावी लागते, तिचे पैसे टॅक्सीच्या आकड्यात धरले आहेत. कपडे शक्य तेवढे तेथेच भाड्याने घ्या. चोपड्यात त्या जॅकेटचा दुसरा उपयोग नाही.

ही सहल येत्या नाही, त्यापुढच्या फेब्रुवारीत करा. पंधरा महिने दरमहा १४ हजारांची आवर्ती ठेव ठेवलीत की पैसे तयार होतात आणि ईएमआयचा प्रश्नच उरत नाही. तो ‘नो कॉस्ट’ही नसतो: रोखीने भरणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही, वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बिलात येतो. मुले तेव्हा बारा आणि नऊ वर्षांची असतील, शिकण्यात काहीही उणे पडणार नाही.

आपला ५ लाखांचा कौटुंबिक आरोग्य विमा आहे तो चालू ठेवा. साहसी खेळांचा त्यातील प्रमाणित अपवाद व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांना लागू होतो, शिकाऊ मुलाच्या मोडलेल्या मनगटाला नाही. तरीही निघण्याआधी कंपनीला ईमेल करून हे लेखी घ्या. प्रवास विमा वेगळा काढलात तर त्यात स्कीइंगचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते हप्ता भरण्याआधी पाहा.