गावात प्रेस नाही, मग ठोकळा कोरून चित्र छापायला लिनो (लिनोलियमची मऊ शीट) घेऊ की लाकूड?
लिनोच घ्या आधी. त्याला लाकडासारख्या रेषा नसतात, कुठूनही कापा, अन् आपल्या उन्हात पाच मिनिटं ठेवला की एकदम नरम येतो. लाकडात रेषेला आडवं गेलं की चिपटी उडते, पण तो लाकडाचा पोत छापात उतरते ना, तो लिनोत नाही भेटत बाप्पा. प्रेस नसली तरी चालते, शाई लावून कागद ठेवा अन् चमच्याच्या पाठीनं घासा. अक्षरं उलटी कोरा, नाहीतर छापात उलटी येतात; मी बैलाच्या चित्राखाली 'पोळा' सरळच कोरलं होतं, घरचे अजून हसतात. रंगीत पाहिजे तर एकच ठोकळा कापत कापत फिक्यापासून गडदपर्यंत छापायचा, चित्रकार पिकासोनं १९५० च्या दशकाच्या शेवटी असंच केलं, फक्त प्रत्येक रंगाच्या सगळ्या प्रती आधी काढून घ्या, कापलेलं परत येत नाही.